परदेशात शिकताना तिथल्या संघराज्याचे राजकारण कोठून समजून घ्यावे?

(मार्च २०२६ च्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग निवडणुकीआधीची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कातळसडा

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातला असून सध्या जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. ज्या देशाचे अन्न खायचे त्या देशाचा कारभार कसा चालतो हे आपल्याला ठाऊक असावे, अशी माझी भावना आहे. म्हणून मी इथली वर्तमानपत्रे नेमाने वाचतो. तरीही काही गाठी सुटत नाहीत.

केंद्रात मे २०२५ पासून सीडीयू-सीएसयू (उजवीकडे झुकलेले ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष) आणि एसपीडी (डावीकडे झुकलेला सामाजिक लोकशाहीवादी पक्ष) यांचे सरकार आहे, चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख फ्रीडरिश मेर्त्स आहेत आणि ग्रीन पक्ष विरोधात बसतो. मी राहतो त्या राज्यात मात्र २०११ पासून ग्रीन पक्षाचे विन्फ्रीड क्रेचमान मुख्यमंत्री आहेत आणि २०१६ पासून सीडीयू त्यांच्या सरकारात भागीदार आहे. म्हणजे बर्लिनमध्ये एकमेकांवर तुटून पडणारे दोन पक्ष राज्याच्या राजधानीत, स्टुटगार्टमध्ये, मांडीला मांडी लावून बसतात. आता ८ मार्च २०२६ रोजी राज्याची निवडणूक ठरली आहे आणि वर्गातले जर्मन मित्र तिच्याबद्दल हिरिरीने बोलतात. पण मी एखादा प्रश्न विचारला की निम्म्या वेळा उत्तर येते की ते राज्याचे काम आहे, आणि निम्म्या वेळा उत्तर येते की ते केंद्राचे काम आहे. त्यापुढे कोणी जात नाही, कारण त्यांना ते लहानपणापासून माहीत असते.

शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची पाठ केल्या होत्या. ती शिदोरी इथे किती पुरते आणि कोठे वाट चुकवते, हे मला जाणून घ्यायचे आहे. नेत्यांची भाषणे आणि मतदान चाचण्या यांच्यापासून सुरुवात केली तर हाती फार काही लागत नाही, असे माझे मत झाले आहे. मग सुरुवात कशापासून करावी? कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या इतर संघराज्यांत शिकलेल्यांनीही अवश्य लिहावे.

सुरंगी

मी काही वर्षे जर्मनीत शिकले आणि आता रत्नागिरीत राज्यशास्त्र शिकवते. माझे उत्तर सरळ आहे: सुरुवात स्वतःच्या शुल्काच्या पावतीपासून करा.

तुमच्या पावतीवर युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे सत्राला १५०० युरो हे शुल्क असेल. तेच तुम्ही नोर्डऱ्हाईन-वेस्टफालेनमधल्या एखाद्या सरकारी विद्यापीठात असता तर ते नसते. एकाच देशात हा फरक का, याचा माग काढत गेलात की संघराज्याचा निम्मा अभ्यास होतो. पूर्वी केंद्राने कायदा करून पहिल्या पदवीसाठी शुल्क घेण्यास देशभर मनाई केली होती. त्याविरुद्ध सहा राज्ये घटना न्यायालयात गेली आणि २६ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ती मनाई रद्द केली, कारण असा कायदा करण्याचा अधिकार केंद्राला पोहोचत नव्हता. त्यानंतर सात राज्यांनी सत्राला साधारण ५०० युरोपर्यंत शुल्क सुरू केले. मग एकेका राज्यात सरकारे बदलत गेली तसतसे ते शुल्कही गेले. हेस्सेनने २००८ मध्ये काढले, तुमच्या राज्याने २०१२ मध्ये, आणि सर्वांत शेवटी २०१४ मध्ये नीडरझाक्सेनने. विद्यार्थ्यांचे मोर्चे बर्लिनला न जाता त्या त्या राज्याच्या राजधानीत जात होते, आणि ते योग्य ठिकाणी जात होते.

पुढे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून तुमच्या राज्याने फक्त युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी पुन्हा शुल्क आणले. ते आणणाऱ्या सरकारचे नेतृत्व ग्रीन पक्षाकडे होते. केंद्रातल्या ग्रीन पक्षाची प्रतिमा मनात ठेवून या निर्णयाकडे पाहिले तर कोडेच पडते. राज्याच्या तिजोरीची चणचण, विद्यापीठे हा राज्याचा विषय, आणि ज्यांच्यावर शुल्क बसते त्यांना मतदानाचा हक्क नाही, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की मात्र निर्णय उलगडतो. तो मला त्या वेळीही पटला नव्हता आणि आजही पटत नाही, पण तो कसा झाला हे समजते.

यातून विद्यार्थ्याने एक सवय लावून घ्यावी. कोणतीही बातमी वाचताना आधी विचारावे की कायदा कोण करतो, राबवतो कोण आणि पैसा कोणाच्या तिजोरीतून जातो. तीनही उत्तरे एकच आली तर तो विषय सोपा आहे. जर्मनीत ती बहुधा वेगवेगळी येतात. तुमचा राहण्याचा परवाना घ्या. कायदा केंद्राचा आहे, पण परवाना देणारे कार्यालय शहराचे किंवा जिल्ह्याचे असते. म्हणूनच एकाच कलमाखालचा अर्ज एका गावात काही आठवड्यांत निकाली निघतो आणि दुसऱ्या गावात विद्यार्थी महिनोन्महिने तात्पुरत्या कागदावर दिवस काढतो. मी स्वतः एका शहरात तसे दिवस काढले आहेत. तेव्हा केंद्राला दोष देणारे अनेक जण भेटले. खरा प्रश्न नगरपालिकेने त्या खिडकीवर किती माणसे नेमली होती हा होता.

दाभोळखाडी

सुरंगीताईंची पद्धत व्यवहारी आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. पावतीवरून कोण काय करतो एवढे कळेल. त्या देशाने हे असे का ठरवले, ते कळणार नाही. त्यासाठी इतिहासाकडेच जावे लागते.

नाझी सत्तेने ३० जानेवारी १९३४ च्या कायद्याने राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या आणि त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला राज्यांचे प्रतिनिधित्व करणारे सभागृहही मोडीत काढले. सगळी सूत्रे एका हाती गेली. युद्धानंतर पश्चिमेकडच्या भागात आधी राज्ये उभी राहिली आणि मग देश उभा राहिला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुलै १९४८ मध्ये तीन विजेत्या राष्ट्रांनी घटना तयार करण्याचे कागद सोपवले ते अकरा मुख्यमंत्र्यांच्या हाती. २३ मे १९४९ रोजी मूलभूत कायदा, म्हणजे जर्मनीची घटना, जाहीर झाला, त्याआधी तो राज्यांच्या विधानसभांपुढे गेला होता. बव्हेरियाच्या विधानसभेने तर त्याला नकार दिला, आणि तरीही इतर राज्यांनी पुरेशा संख्येने मान्यता दिल्यास तो आपल्यालाही बंधनकारक राहील असे ठरवले. पूर्व जर्मनीत याच्या उलटे झाले. तिथे १९५२ मध्ये राज्ये मोडून १४ जिल्हे केले गेले आणि १९९० मध्ये एकीकरणाच्या वेळी पाच राज्ये पुन्हा उभी करावी लागली.

म्हणून त्या घटनेच्या ७९ व्या कलमात अशी तरतूद आहे की देशाची राज्यांमध्ये असलेली विभागणी आणि कायदे करण्यातला राज्यांचा सहभाग कोणत्याही बहुमताने रद्द करता येत नाही. बुंडेसटागमधल्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या लोकनियुक्त सभागृहातल्या, सगळ्या सभासदांनी एकमताने ठरवले तरीही नाही. जर्मन माणूस शाळा, पोलीस, विद्यापीठ यांच्या बाबतीत केंद्राला चार हात लांब का ठेवतो, हे या पार्श्वभूमीशिवाय उमगत नाही. त्यामुळे कातळसडा यांनी आधी १९३४ आणि १९४९ वाचावे, पावती मागाहून काढावी, असे माझे म्हणणे आहे.

रापण

दाभोळखाडीकाका, दोन्ही करावे. पण कोकणातल्या मुलाला सुरुवात करायला इतके लांब जायची गरज नाही, असे मला वाटते. ज्या घरात मासेमारी आहे त्या घरात संघराज्य रोजच्या रोज समोर येते.

आमच्याकडे मालवणात पर्ससीन (थव्याला वेढणारे मोठे यांत्रिक जाळे) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष वर्षानुवर्षे चालू आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि तिथे १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. त्यापलीकडचे पाणी केंद्राचे आहे. एलईडी दिवे लावून मासे पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, ती त्या पलीकडच्या पाण्यासाठी. आतल्या पाण्यासाठी राज्याला स्वतंत्र आदेश काढावा लागला. रात्री समुद्रात उजेड दिसतो तेव्हा दर्यावर्दी माणसाच्या मनात पहिला विचार हाच येतो की ती नौका रेषेच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर राज्याच्या मत्स्य विभागाच्या गस्ती नौकेला कळवायचे. बाहेर असेल तर गस्ती नौकेचे हात अपुरे पडतात, आणि मासेमारी नौका शेजारच्या राज्यात नोंदलेली असेल तर आणखी गुंता होतो. दिवे लावणाऱ्या नौकेला ही रेषा आमच्याइतकीच ठाऊक असते आणि ती त्याप्रमाणे आत-बाहेर करते. मासळीला मात्र रेषा माहीत नसते. बांगड्याचा थवा दोन्हीकडे फिरतो, आणि बाहेर उपसा झाला की त्याची झळ आतल्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या पारंपरिक जाळ्याला, लागते.

कातळसडा, तुम्ही या बाजूचेच आहात. अधिकाराची रेषा कोठून जाते, ती राखायला माणूस आणि बोट आहे का, आणि तिचा फायदा कोण उठवतो, ही नजर घेऊन तुम्ही जर्मनीकडे पाहिले तर पुष्कळ दिसेल.

घाटमाथा

पण पक्षांचे काय? धागाकर्त्याचा मूळ प्रश्न हा होता की केंद्रातले विरोधक राज्यात मित्र कसे. त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही.

सुरंगी

घाटमाथा यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

जर्मनीत १६ राज्ये आहेत. त्यांचे सभागृह म्हणजे बुंडेसराट. आपण राज्यसभेच्या अनुभवावरून त्याच्याकडे पाहतो आणि तिथेच नागरिकशास्त्राची शिदोरी वाट चुकवते. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत. ते विधानसभेतल्या आमदारांनी निवडलेले असतात आणि आपापल्या पक्षाप्रमाणे मत देतात. एकाच विधेयकावर महाराष्ट्राचे काही सदस्य बाजूने आणि काही विरुद्ध, हे आपण नेहमी पाहतो. बुंडेसराटमध्ये राज्य सरकार स्वतः बसते, म्हणजे मुख्यमंत्री आणि मंत्री. एकूण मते ६९ आहेत. लहान राज्याला तीन, मोठ्याला सहा. सुमारे १ कोटी ८० लाख लोकवस्तीच्या नोर्डऱ्हाईन-वेस्टफालेनला सहा आणि सुमारे सात लाख वस्तीच्या ब्रेमेनला तीन. आणि घटनेच्या ५१ व्या कलमानुसार एका राज्याची सगळी मते एकाच बाजूला पडावी लागतात.

आता यात आघाडी सरकार आणून पाहा. राज्यात ग्रीन आणि सीडीयू एकत्र आहेत, आणि केंद्राचे एखादे विधेयक सीडीयूला हवे आहे पण ग्रीनला नको आहे. राज्याची सहा मते फोडता येत नाहीत. म्हणून आघाडी करतानाच करारात बहुधा लिहून ठेवलेले असते की एकमत झाले नाही तर राज्य तटस्थ राहील. पण बुंडेसराटमध्ये ठराव मंजूर व्हायला ६९ पैकी ३५ मते बाजूने लागतात, त्यामुळे संमती लागणाऱ्या विधेयकावर तटस्थ राहणे हे प्रत्यक्षात विरोधात गेल्यासारखेच ठरते. केंद्रात विरोधात बसलेला पक्ष राज्यांतल्या सरकारांत भागीदार असेल, तर त्याच्या हाती अशी किल्ली येते. म्हणून केंद्र सरकारला विरोधकांशी आधीच बोलणी करावी लागतात, आणि भाषणांतली कडवट भाषा समितीच्या खोलीत मवाळ होते.

यातला एक प्रसंग परदेशी विद्यार्थ्याने जरूर वाचावा. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतराचा नवा कायदा बुंडेसराटपुढे होता. ब्रांडेनबुर्गच्या चार मतांवर सगळे अवलंबून होते, आणि तिथे एसपीडी आणि सीडीयूचे संयुक्त सरकार होते. राज्याचे नाव पुकारले गेले तेव्हा एसपीडीच्या मंत्र्याने होकार दिला आणि सीडीयूचे मंत्री यॉर्ग शॉनबोम यांनी नकार दिला. अध्यक्षस्थानी क्लाउस वोवराइट होते. त्यांनी मते एकसारखी पडली नसल्याची नोंद घेतली आणि थेट मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे यांना विचारले. श्टोल्पे यांनी मुख्यमंत्री या नात्याने होकार दिला आणि शॉनबोम यांनी आपले मत अध्यक्षांना माहीत असल्याचे सांगितले. वोवराइट यांनी ब्रांडेनबुर्गची चारही मते बाजूने धरली आणि सभागृहात गदारोळ उसळला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण फुटलेले मत होकार म्हणून मोजता येत नाही. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि बदललेला कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. कातळसडा, तुमच्या पासपोर्टसोबत असलेले परवान्याचे कार्ड त्याच कायद्याखालचे आहे. ब्रांडेनबुर्गच्या दोन मंत्र्यांचे पटले नाही म्हणून परदेशी माणसांचा कायदा दोन वर्षे लांबला आणि त्यातली कलमेही बदलली.

बांदा नाका

फार चांगली माहिती मिळाली, सुरंगीताई. आमच्या सीमेवरून एक गोष्ट जोडतो.

बांद्याहून पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की इंधनाचा दर बदलतो, कारण पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत आणि त्यांच्यावरचा मूल्यवर्धित कर प्रत्येक राज्य आपापला ठरवते. आमच्याकडचा माणूस टाकी भरायला कोठे जायचे हे ठरवताना करव्यवस्थेचाच विचार करत असतो. पण माझा मुद्दा सीमेचा आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला आणि लोकांनी महाराष्ट्रात विलीन होण्याऐवजी केंद्रशासित राहणे पसंत केले. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. हा कौल घेणे घटनेने बंधनकारक नव्हते. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा आणि नाव बदलू शकते, संबंधित विधानसभेचे मत फक्त मागवावे लागते. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले ते याच अधिकाराखाली.

जर्मनीत राज्ये जोडायची तर तिथल्या लोकांचा कौल घ्यावाच लागतो. ५ मे १९९६ रोजी बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग एक करण्यावर मतदान झाले, बर्लिनने होकार दिला, ब्रांडेनबुर्गने नाकारले आणि विषय तिथेच संपला. म्हणून भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी: आपल्याकडे राज्यांचे अस्तित्व संसदेच्या हाती आहे, तिथे ते नाही. केंद्र आणि राज्य यांच्यातला भांडणाचा सूरच त्यामुळे वेगळा असतो. राज्यपाल आणि राष्ट्रपती राजवटीचे ३५६ वे कलम यांच्या चौकटीतून जर्मन बातम्या वाचायला गेलात तर अर्थ लागणार नाही.

दाभोळखाडी

बांदा नाका यांच्या म्हणण्याला पुरवणी: उरलेले अधिकार कोणाकडे, हाही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. यादीत नसलेला विषय भारतात आणि कॅनडात केंद्राकडे जातो. जर्मनी आणि अमेरिकेत राज्यांकडे. दोन्ही बाजूंनी पुष्कळ अपवाद आहेत, पण दिशा कळते.

वाशिष्ठी

कॅनडाचा अनुभव लिहिते. माझा धाकटा भाऊ ओंटारिओमध्ये शिकतो.

२२ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या केंद्र सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा जाहीर केली; त्या वर्षी सुमारे ३ लाख ६० हजार परवाने, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. चिपळूणला आमच्या घरात फक्त केंद्राच्या बातम्या पाहिल्या जात होत्या. भावाला महाविद्यालयाचे प्रवेशपत्र मिळाले होते, पण आता परवान्याच्या अर्जासोबत प्रांताचे साक्षांकन पत्रही लागणार होते, आणि ते कसे द्यायचे याची व्यवस्था प्रांतांनी अजून उभी केलेली नव्हती. आई-बाबा कॅनडाच्या पंतप्रधानांवर रागावले होते. वाट मात्र पाहायची होती ती टोरांटोत बसणाऱ्या प्रांत सरकारच्या निर्णयाची.

याच्या मुळाशी गेले की सुरंगीताईंचे तीन प्रश्न तंतोतंत लागू पडतात. १८६७ च्या घटनेप्रमाणे शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे, तर स्थलांतरावर केंद्र आणि प्रांत दोघांचाही अधिकार चालतो आणि त्यात केंद्राचा शब्द वरचढ ठरतो. ओंटारिओने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क १० टक्के कमी केले आणि पुढे गोठवून ठेवले. महाविद्यालयांनी तूट भरून काढली ती परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून, म्हणजे आमच्यासारख्यांच्या कर्जातून. विद्यार्थी वाढले, घरभाडी वाढली, लोकांचा राग केंद्रावर गेला, कारण परवाना केंद्र देते. आणि केंद्राने मर्यादा घातली तेव्हा प्रांतांनी आणि महाविद्यालयांनी ओरड केली. प्रत्येक सरकार दुसऱ्याकडे बोट दाखवत होते आणि मध्ये अडकलेल्या मुलांची बाजू मांडणारे कोणीच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

केबेकचे आणखी वेगळे आहे. तिथे शिकायला जाणाऱ्याला प्रांताचे स्वतःचे स्वीकृती प्रमाणपत्र लागते, ते या मर्यादेच्या कितीतरी आधीपासून. पक्षांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. ब्लॉक केबेक्वा हा पक्ष फक्त केंद्रीय निवडणुका लढवतो आणि केबेकच्या विधानसभेत वेगळेच पक्ष असतात. नावे सारखी दिसली म्हणून प्रांतातला पक्ष आणि केंद्रातला पक्ष एकच असेल, असे गृहीत धरू नये.

सागरतीर

अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी थोडे, पण कळीचे. तिथे निवडणुका राज्ये आणि काउंटी (जिल्ह्यासारखे विभाग) घेतात, आणि वाहन परवान्याच्या कार्यालयातच मतदार नोंदणीचा अर्ज पुढे केला जातो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने त्यावर सही करू नये. नागरिक नसताना केंद्रीय निवडणुकीत मत देणे हा १९९६ पासून गुन्हा आहे आणि आपण नागरिक आहोत असे खोटे निवेदन केल्यास देशाबाहेर जावे लागू शकते. निवडणूक प्रचाराला देणगी देण्यासही परदेशी विद्यार्थ्याला मनाई आहे, मग निवडणूक केंद्राची असो, राज्याची असो की गावाची.

कातळसडा

सर्वांचे मनापासून आभार. सुरंगीताई, ब्रांडेनबुर्गचा प्रसंग वाचून मी रात्रीच त्या बैठकीचा वृत्तान्त शोधून वाचला. दाभोळखाडीकाका, १९३४ चेही वाचायला घेतले आहे.

सागरतीर यांच्या लेखनावरून एक प्रश्न येतो. मतदानाचा हक्क नाही हे मान्य आहे. पण जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला कायद्याने काय करता येते? केवळ बघ्याची भूमिका घेऊन राहणे मला पटत नाही.

दाभोळखाडी

माझी पुतणी हेस्सेनमध्ये शिकली, तेव्हा हे सगळे वाचून काढले होते.

मतदानाचे म्हणाल, तर युरोपीय संघातल्या नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मत देता येते. भारतीयांना तेही नाही. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने काही देशांच्या परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क देऊ केला होता, पण ३१ ऑक्टोबर १९९० रोजी घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मात्र हेस्सेन आणि नोर्डऱ्हाईन-वेस्टफालेनमध्ये परदेशी रहिवाशांच्या सल्लागार मंडळांच्या निवडणुका होतात आणि त्यांत भारतीय विद्यार्थीही, ठरावीक काळ तिथे राहत असल्यास, मत देऊ शकतो. पुतणीने ते दिले होते आणि त्याचा तिला रास्त अभिमान आहे.

सभा-संमेलनाचा मूलभूत हक्क घटनेच्या आठव्या कलमात जर्मन नागरिकांपुरता लिहिलेला आहे, पण सभाविषयक कायदा तो प्रत्येकाला देतो. म्हणजे शांततापूर्ण मोर्चात जाता येते. पक्षाचे सदस्य होण्यासही सर्रास बंदी नाही, प्रत्येक पक्षाची घटना वेगळी आहे. कायद्याची एक अट अशी की ज्या संघटनेत बहुसंख्य सदस्य परदेशी आहेत ती राजकीय पक्ष मानली जात नाही.

सुरंगी

आणि विद्यार्थी परिषद विसरू नका, कारण तिथे परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण मताधिकार असतो. कातळसडा, तुमच्या राज्यातली गोष्ट फार बोलकी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गने १९७७ मध्ये कायद्याने स्थापन झालेली विद्यार्थी संघटना रद्द केली. राजकीय मते मांडणारे विद्यार्थी तेव्हाच्या राज्य सरकारला नको होते. ती परत आली २०१२ मध्ये, ग्रीन आणि एसपीडी यांचे सरकार आल्यावर. शेजारच्या हेस्सेनमध्ये मात्र ती या सगळ्या काळात चालूच होती. तुमच्या हातात येणारी मतपत्रिका राज्याच्या विधानसभेने दिलेली आहे, म्हणून ती वापराच.

रापण

या परिषदेच्या हाती नेमके काय असते? आमच्याकडच्या महाविद्यालयांत निवडणुका कित्येक वर्षे झालेल्या नाहीत, म्हणून विचारतो.

सुरंगी

विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला घेतल्या जाणाऱ्या वर्गणीचा काही भाग तिच्याकडे असतो, कायदेशीर सल्ल्याची आणि भाडेकराराच्या तक्रारींची सोय ती करते, आणि कित्येक ठिकाणी प्रवासाच्या सत्रपासाचे करार परिवहन संस्थेशी तीच करते. सत्रपास हाही चांगला धडा आहे. मे २०२३ मध्ये देशभर चालणारे ४९ युरोचे तिकीट आले, तेव्हा केंद्र आणि राज्ये यांनी तुटीचा भार वर्षाला दीड-दीड अब्ज युरो असा निम्मा-निम्मा उचलला. पुढे खर्च वाढला तसा वाढीव वाटा कोणी द्यायचा यावर दोघांत घासाघीस होत राहिली, आणि तिकीट जानेवारी २०२५ मध्ये ५८ युरोवर गेले.

घाटमाथा

मग आता ८ मार्चच्या निवडणुकीकडे धागाकर्त्याने पाहावे तरी कसे, तेही कोणी सांगावे.

सुरंगी

मी असे करीन. पक्षांच्या जाहीरनाम्यांतले संरक्षण आणि परराष्ट्र धोरण बाजूला ठेवीन, कारण ते राज्याच्या हातात नाही. शाळा, पोलीस, विद्यापीठे आणि नगरपालिकांना मिळणारा पैसा यांवर कोण काय म्हणतो तेवढेच वाचीन. या वेळी तिथे मतदानाचे वय १६ आहे आणि विधानसभेसाठी प्रथमच मतदाराला दोन मते आहेत, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाच्या यादीला; त्यामुळे वर्गमित्रांना त्यांचे दुसरे मत कोणाला आणि का, हे विचारले तर गप्पा रंगतील. निवडणुकीआधी केंद्रीय नागरी शिक्षण संस्थेचे वाल-ओ-मॅट उघडा, म्हणजे आपली मते पक्षांच्या भूमिकांशी ताडून पाहण्याचे ऑनलाइन साधन; त्यात ३८ विधाने असतात आणि प्रत्येक पक्षाने आपल्या भूमिकेची कारणे लिहून दिलेली असतात. भाषा सोपी असते आणि मतदार नसलेल्यालाही ते वापरता येते.

निकालानंतर मात्र लगेच वर्तमानपत्र मिटवू नका. आघाडीचा करार प्रसिद्ध होईल, तो शंभराहून अधिक पानांचा असू शकतो. सगळा वाचायची गरज नाही. शेवटाकडे बुंडेसराटमध्ये मतदान कसे करायचे याचा परिच्छेद शोधा, म्हणजे पुढची पाच वर्षे त्या राज्याची सहा मते कशी वागतील याचा अंदाज येईल. आणि विद्यापीठांच्या प्रकरणात तुमच्या १५०० युरोंबद्दल काय लिहिले आहे, किंवा काहीच लिहिलेले नाही, ते पाहून इथे कळवा.

कातळसडा

नक्की कळवतो. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीखही आजच विचारून घेतो.